इरली म्हणजे ठेव

प्रिय आक्का,

शेअरच्या ऑफिसातून आलेल्या फॉर्मवर 'मयताशी नाते' असा एक रकाना आहे. त्यात मी 'भाऊ' असं लिहिलं आणि पेन तिथंच थांबलं. पुढे बरीच जागा मोकळी होती. सरकारी फॉर्मवर कधी नाव मावत नाही, पत्ता मावत नाही, आणि इथे मात्र ही एवढी जागा! त्या रकान्यात जे लिहिता आलं नाही, ते इथे लिहितोय.

तू जाऊन तीन महिने झाले. तुझे शेअर आता माझ्या नावावर व्हायचेत. काल त्या ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. आवाज इतका गोड, की मला वाटलं एखादं स्थळ सुचवतायत. म्हणाले, "सर, बाजार लई वर हाय. नावावर झालं की काढून टाका. उतरला की परत घ्या की."

आक्का, हे वाक्य माझं आहे गं! पंचवीस वर्षं मी ते निपाणीभर वाटत फिरलो. काल पहिल्यांदा ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि फोन ठेवून दिला.

विकू का? हे विचारायचं ते तुलाच. आणि तू तर नाहीस. म्हणून पत्र.

आप्पा तंबाखूच्या वखारीत कारकून. संध्याकाळी घरी आले की यंदा कुणी माल दाबून ठेवला, कुणी घाईनं विकून हात चोळत बसला, हे सांगताना त्यांचे डोळे लकाकायचे. स्वतःच्या मालकीची तंबाखू म्हणशील तर त्यांच्याकडे फक्त चंचीत होती. आई उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. आज तेजी आहे म्हणून दोन जास्त वळल्या नाहीत तिनं, की मंदी आहे म्हणून सूप भिंतीला टेकवलं नाही. मी आप्पांजवळ बसायचो, तू आईजवळ. पुढे जे झालं त्यात नवल ते काय?

तू बेळगावात लष्कराच्या कॅम्पातल्या शाळेच्या ऑफिसात लागलीस. पगार झाला की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत छत्री घेऊन त्या एजंटाच्या खोलीत जायचीस आणि थोडे शेअर घेऊन यायचीस. बाजार वर आहे की खाली, हे विचारायचीससुद्धा नाहीस. कंपन्या कुठल्या? घरात ज्यांचा साबण, ज्यांचं तेल, ज्यांचा रंग, त्या. मी एकदा हसलो तर म्हणालीस, "ज्या साबणानं मी इतकी वर्सं न्हाते, ती कंपनी मला सोडून पळून जाती व्हय रं?"

मी तेव्हा तीन पेपर वाचून बाजाराची नाडी बघत होतो.

आणि तुझ्यावर लिहिलंही. निपाणीच्या आमच्या पेपरात माझं सदर चालतं, त्यात तुझं नाव न घेता 'शेअरचं लोणचं घालणाऱ्या बाई' असा लेख ठोकला. बरणीला फडकं बांधून शेअर माळ्यावर ठेवणारी बाई. लोक खूप हसले. तू तो लेख कापून शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवलास आणि रविवारी फोनवर एवढंच म्हणालीस, लोणच्यात मीठ कमी पडलंय बघ.

मग ते साथीचं वर्ष आलं. बाजार कोसळायच्या आधी मी सगळं विकून मोकळा झालो होतो. आयुष्यात एवढा शहाणा मी त्याआधी नव्हतो, त्यानंतरही झालो नाही. तुला फोन केला, म्हटलं, सगळं काढ आक्का, अजून लई खाली जाणार हाय.

तू म्हणालीस, "इरली."

मी फोन आपटला. बाजार आणखी उतरला की स्वस्तात घेऊ म्हणून वाट बघत बसलो. तो उतरायचा थांबला आणि चढू लागला. म्हटलं, परत येईल खाली. तो आणखी चढला. म्हटलं, आता तर नक्कीच येईल. आक्का, मी अजून वाट बघतोय. इतकं लिहिलं मी त्या बाजारावर, माझ्यासाठी थोडं खाली यायला काय झालं होतं त्याला?

पण माझी तक्रार बाजाराबद्दल नाही. तुझ्याबद्दल आहे. तू एकदाही 'बघ, मी म्हणत न्हवते?' असं म्हणाली नाहीस. एकदा तरी टोमणा मारायचास. माझ्यासारख्या टोमण्यावर पोट भरणाऱ्या माणसाला तू इतकी वर्षं उपाशी ठेवलंस!

नाही म्हणायला एकदा बोललीस, पण ते शेअरवरून नव्हे. चिकोडीची मुलगी सांगून आली होती, आठवतं? शिक्षिका होती, हसरी होती. मी म्हटलं, जरा थांबू, आणखी चांगलं स्थळ येईल. तू पोळी लाटत होतीस. लाटणं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "त्यो बाजार न्हवं रं सुभ्या, पोरगी हाय. तीबी कुटंतरी बघत असंल की."

ती बघतच होती. कोल्हापूरला गेली. मी पुढची अनेक वर्षं बाजार तेजीत आहे असं समजून चाललो, आणि एक दिवस लक्षात आलं की कुणी भावच विचारत नाही. आता त्रेपन्नाव्या वर्षी माझ्या घरात बोलतो तो कुकर. तीन शिट्ट्या झाल्या की त्याचंही बोलणं संपतं.

रविवारी सकाळी दहाला तुझा फोन यायचा. मी कुठल्या तरी बातमीवरून तोंडसुख घ्यायचो, तू भाजी निवडत ऐकायचीस. शेंगा मोडल्याचा आवाज यायचा. आता रविवारी दहाला मी फोन समोर ठेवून बसतो. सोमवार ते शुक्रवार निदान बाजाराच्या आकड्यांची हालचाल तरी असते. रविवारी तोही बंद.

तुझं ते 'इरली'! शाळेत अर्धा स्टाफ कन्नड, त्यांच्याकडून उचललेला शब्द. म्हणजे असू दे, राहू दे. पण तू तो मिठासारखा सगळ्यात घालायचीस. जास्तीचे पैसे परत आले, इरली. पदर फाटला, इरली. कुणी दोन दिवस राहू का म्हणून विचारलं, तरी इरली. जांबोटीच्या मामांना कन्नड येत नव्हतं. त्यांनी फोनवर विचारलं, पोरी, गावाकडनं तुला काय आणू? तू भिडेखातर म्हणालीस, इरली मामा, इरली. पुढच्या आठवड्यात मामा हजर! एसटीच्या टपावरून दोन इरली उतरवली, पावसात भातलावणीला डोक्या-पाठीवर घेतात ती, चांगली बांबू आणि पानांनी विणलेली. म्हणाले, लेक शहरात राहते, पण इरल्याची आठवण ठेवलीय. तू त्यांना खरा अर्थ सांगितला नाहीस. त्यातलं एक डोक्यावर घेऊन भर पावसात कॅम्पातल्या रस्त्यानं शाळेत गेलीस, आणि जाता-येता जवान थांबून बघत होते.

हे सगळं मी हसत लिहितोय असं तुला वाटेल. आता पुढचं लिहायचंय, म्हणून इथं रेंगाळलो.

तू आजारी होतीस तेव्हा मी फोन केला. विचारलं, "आक्का, चार दिवस येऊन ऱ्हाऊ का गं?"

तू म्हणालीस, "इरली."

मी अर्थ लावला, राहू दे. नको येऊस, तसदी नको. आणि खरं सांगू? मला तोच अर्थ सोयीचा होता. सदराचे दोन लेख द्यायचे होते. हायवेचं काम चाललं होतं, गाड्या तासन्‌तास अडकत होत्या. म्हटलं, थोडं थांबू. तिला बरं वाटलं की जाऊ, निवांत बोलता येईल. योग्य वेळ बघून जाऊ. नवव्या दिवशी डिसोझा टीचरचा फोन आला, आणि मग मी दीड तासात पोचलो. हायवे तोच होता.

तुझ्या शेजारच्या या डिसोझा टीचर, शाळेतून तुझ्या आधी रिटायर झालेल्या. दिवस झाल्यावर तुझी खोली आवरायला गेलो तर भिंतीला एक घडीची कॉट लावलेली दिसली. मी विचारलं, ही कुणाची? म्हणाल्या, माझी. शांता मागून घेऊन गेली होती. तुमचा फोन आला ना, त्याच दिवशी.

मला कळेना. मी म्हटलं, टीचर, ती तर मला नको म्हणाली होती. इरली म्हणाली.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे बघत असतील. म्हणाल्या, "सुभाष, इरली म्हणजे नको कसं होईल? इरली म्हणजे असू दे. येऊन राहा. ती मला सांगत होती, भाऊ येणाराय म्हणून."

आक्का, शेअरच्या बाबतीत तू 'इरली' म्हणालीस तेव्हा मी त्याचा अर्थ बरोबर लावला होता. ठेव, असू दे. त्या शब्दावरच चिडून मी फोन आपटला होता. मग माझ्याच बाबतीत त्याचा अर्थ 'नको' कसा काय झाला? मामांनीही चुकीचा अर्थ लावला, पण ते आले तरी. इरली घेऊन का होईना, आले.

नऊ दिवस तू त्या कॉटकडे बघत असशील. फोन का नाही केलास परत? 'कुठं मेलायस' म्हणून एक शिवी तरी हाणायचीस! पण तू कशाची घाई करणारी. तुला वाटलं असणार, येईल. बाजार उतरला तरी परत चढतो, तसा येईल.

निघताना टीचर गेटपर्यंत आल्या. त्यांनी म्हणे तुला एकदा विचारलं होतं, एकटी बाई, साधी साडी नेसतेस, हे सगळं कुणासाठी साठवतेस? तुझं उत्तर त्यांनी तुझ्याच आवाजात सांगितलं. "सुभ्या म्हातारा झाल्यावर त्याला कोण हाय, टीचर? त्यालाच."

ऑफिसातले साहेबही म्हणाले, नॉमिनीत नाव पहिल्यापासून तुमचंच, कधी बदललंच नाही. पहिल्यापासून म्हणजे मी कॉलेजात होतो आक्का. चिकोडीची मुलगी अजून सांगून यायची होती. मी एकटा राहणार हे तुला तेव्हाच दिसलं होतं? की लग्न झालं असतं तरी नाव तेच ठेवलं असतंस? मी लांबच्या मुदतीची थट्टा करत होतो, आणि ती मुदत म्हणजे मीच होतो.

तेव्हा ऐक. विकण्याच्या कागदावर मी सही करणार नाही. साहेबांना आज फोन करून सांगितलं. ते म्हणाले, सर, पस्तावाल. म्हटलं, साहेब, पस्तावण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण या वेळी न विकता पस्तावून बघतो.

आणि दुसरं, हे जास्त अवघड आहे. तू जे ठेवलंस ते म्हाताऱ्या सुभ्यासाठी. तो म्हातारा अजून तयार व्हायचाय. मला रक्तदाबाची गोळी रोज घ्यायला सांगितलीय हे तुला माहीत नाही, कारण मी तुला सांगितलं नाही. रोज कशाला, म्हणून डोकं गरगरलं की घेतो. डॉक्टरीण बाई परवा चिडून म्हणाल्या, अहो, तुम्ही वेळ साधायला जाता आणि एक दिवस ती हुकेल. मी मनातल्या मनात म्हटलं, बाईंना माझी सगळी कुंडली कुणी दाखवली?

वचन देतो आक्का. गोळी रोज सकाळी, डोकं गरगरो न गरगरो. बरं वाटतंय म्हणून चुकवणार नाही, वाईट वाटतंय म्हणून दोन घेणार नाही. मला म्हातारं व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतील, ती वर्षं एकट्यानं काढायचीत, आणि त्याची मला आत्तापासून भीती वाटते. पण तू ज्याच्यासाठी एवढं ठेवलंस, तो माणूस ते न्यायला यायलाच हवा. तो येईल.

आज घेतली. सकाळीच, पाण्याबरोबर.

तुझा धाकटा,
सुभ्या
निपाणी