भाऊ, तू प्यायला नव्हतास

प्रिय भाऊ,

काल मायने तुझं नाव घेतलं. चांदूर रेल्वेहून तुला आणलं, त्यानंतर पहिल्यांदाच. म्हणून आज लिहायला बसले. नाहीतर तुला काय कळवणार होते? घरात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तुझा पेटीवाला देविदास परवा अमरावतीला आला होता. म्हणाला, "कुसुमताई, अकोल्याले गाण्याची मंडळी पुन्हा उभी करून राहिलो. भाऊची गिटार द्या ना." माय चुलीपुढून उठली आणि आतल्या खोलीत गेली. तिला ते लाकूड डोळ्यांपुढे नको होतं. मी फळीवरचं पोतं खाली काढलं. गिटार आणि तुझा तो रेडिओ, तिथून आले तसेच बांधलेले.

आठवतं का रे, गिटारच्या तारांचा सूर पकडणारं पहिलं पिकअप आपण केलं ते? जळक्या ट्रान्सफॉर्मरमधली केसासारखी तार तू सोडवायचास, मी शिवणयंत्राच्या चाकावर ती गुंडाळायची. तुटली की तू ओरडायचास, "कुसुमे, तार हाय थे, सुतळी नाई!" आणि इतकं करून, आवाज मोठा व्हावा म्हणून रेडिओला जोडलं तर सुराच्या आधी नुसती घूं घूं!

मग तुला सुचलं, शेजारी दुसरं वेटोळं बसवायचं. त्याचं चुंबक उलटं, तारही उलटी. दोघांची घूं घूं एकमेकींना खाऊन टाकते आणि सूर तेवढा राहतो. तो पहिला स्वच्छ सूर ऐकून तू मला खांद्यांना धरून गदागदा हलवलं होतंस. पण समाधान तुला कुठलं! जाड आवाज मिळाला तर म्हणे जुना बारीक आवाजही पाहिजे. म्हणून जोडीतलं एक वेटोळं बंद करायचं बटण बसवलंस. उरलेलं एक आणि गिटारच्या मधोमध तू बसवलेलं दुसरं, एकाच वेटोळ्याचं पिकअप मिळून वाजवलं, तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा. "चांदूरचं लगीन होऊ दे, मंग पाहू," म्हणालास. ते मंग कधी आलंच नाही.

तिथे मी नव्हते. देविदासने सांगितलं तेवढंच मला ठाऊक. भर दुपार होती. धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी मारलेलं. आधी वंदना, म्हणून बुद्धाच्या तसबिरीपुढे तू चपला काढून ठेवल्यास. एक हात गिटारच्या तारांवर, दुसऱ्या हाताने माइकची लोखंडी दांडी ओढलीस, आणि शब्द तोंडातच राहिला. वाकडातिकडा होऊन पडलास. पडताना रेडिओची वायर ओढली गेली, प्लग निघून आला. म्हणून उचलायला धावले त्यांना काही लागलं नाही, आणि करंटचं कुणाच्या मनातही आलं नाही.

नवरीचा बाप मात्र मोठ्याने बोलला, "पेऊन आला होता थो. आमच्यावर आळ नको."

आणि मायने ते खरं मानलं, भाऊ! बाबा दारूनेच गेले, तिला आणखी काय वाटणार? देविदासने शपथा घेतल्या. माय म्हणाली, "दोस्त दोस्ताले झाकतेच." त्या दिवसापासून तिने तुझ्या तसबिरीपुढे मेणबत्तीसुद्धा लावली नाही.

देविदासने सांगितलेली ती लोखंडी दांडी मनातून जाईना, म्हणून काल मी गिटार जोडून रेडिओ लावला आणि करंट दाखवणारा टेस्टर तिच्या तारांना टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला नाही. सगळं गुंडाळून ठेवणार होते. मग लक्षात आलं, हा दोन पायांचा प्लग, कसाही बसतो. उलटा करून लावला. दिवा पेटला.

त्या रेडिओत ट्रान्सफॉर्मरच नाही ना! विजेची एक वायर थेट त्याच्या आतल्या पत्र्याला. आणि घूं घूं आणखी कमी व्हावी म्हणून तू गिटारच्या तारा त्याच पत्र्याला जोडलेल्या. प्लग सुलटा असेल तर काही नाही. उलटा बसला की सगळ्या तारांत करंट. घरीही कधीमधी चटका बसायचा, तेव्हा तू हसायचास, "आज गिटारले राग आला." हसण्यासारखं होतं का रे ते? दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करताना इतका जपायचास, स्वतःपुरतंच काहून विसरलास?

मी मायला हाताला धरून आणलं. तिने दिव्याकडे पाहिलं. "पुन्हा लाव," म्हणाली. मी पुन्हा टेकवला.

"म्हंजे माह्या सुखदेवनं पेली नोती?"

"नाही वं माय. थेंबही नाही."

ती रडली नाही. भिंतीला डोकं टेकवून बसली आणि म्हणाली, "मी त्याले मेल्यावरबी शिव्या देल्या."

मी प्लग काढला आणि तिच्या शेजारी बसले.

ती निजल्यावर... नाही, ती निजलीच नाही. आज सकाळी माझ्या बाजूला बसून राहिली आणि मी तुझी गिटार उघडली. मधल्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून सोल्डर केल्या, प्लग सुलटा असल्याचं टेस्टरने पाहून वाजवली, आवाज भरला. पण घूं घूं होतीच. मग बटणाने बंद होणारं वेटोळं चालू ठेवलं आणि त्याच्या जोडीदाराला बंद केलं. घूं घूं गेली. इतकं जवळ आला होतास तू! आता यापुढे रेडिओ मी त्या गिटारला पुन्हा लावणार नाही. ट्रान्सफॉर्मरवाला नीट अॅम्प्लिफायर देविदास आणेल, तेव्हाच ती घराबाहेर जाईल.

रविवारी मी चांदूरला जाते आहे. तो नवरीचा बाप ऐकणार नाही, कदाचित दार लावून घेईल. लावू दे. त्याच्या अंगणात उभी राहून, त्याच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मी सांगणार आहे, की माझा भाऊ शुद्धीत होता, वंदनेसाठी अनवाणी उभा होता आणि विजेने गेला. हे माझं तुला वचन. आत्ता माय लुगडं बदलून आली आणि विचारते आहे, गाडी किती वाजता सुटते. रविवार अजून लांब आहे, हे तिला सांगवत नाही.

तुझी,
कुसुम