हनुवटीखालचा चेंडू

बाळ्या,

हे पत्र पाठवणार नाहीये, म्हणून खरं लिहिते.

काल फोनवर म्हणालास, "ताई, तू माझी कोच. मी कुठे चुकलो तेवढं सांग, पुन्हा रिंगमध्ये उतरतो." त्या बॉक्सिंग लढतीचा व्हिडिओ डोळे दुखेपर्यंत पाहिला. हनुवटी छातीशी दाबलेली राहावी म्हणून तिच्याखाली चेंडू धरून लढायला मीच शिकवलं होतं. त्या क्षणी तिथे चेंडू असता, तर तोही पडला नसता, इतका तू बरोबर होतास. समोरच्याने घाबरून, डोळे मिटून हात फिरवला आणि तू कोसळलास. तेव्हापासून तुझी बोटं नीट वळत नाहीत; तुझ्या शर्टाची बटणं अजून आई लावते.

चूक सांगितली, तर सुधारून उतरशील. नशीब म्हटलं, तर ते काय रोज फिरतं म्हणून उतरशील. उतरूच नकोस म्हटलं, तर माझंच वाक्य मला ऐकवशील: दहा मोजायच्या आत उठायचं असतं.

आज फक्त तुझी,
ताई