तिसऱ्या प्रश्नाला सोयरे

६ सप्टेंबर

गेले. एक पैसा न देता गेले! वर आईने बाईंची ओटी भरली आणि पायलीभर वरई बांधून दिली ती वेगळीच.

माझ्या होमस्टेचे पहिले पाहुणे होते ते. निमगाव साव्याचे एक शिक्षक आणि त्यांच्या मिसेस. फोनवर दर ठरला होता. मी ओसरी सारवली होती. चादरी जुन्नरहून इस्त्री करून आणल्या होत्या – गोकुळदादाच्या जीपमधून येताना त्यांच्यावर कुणाचा तरी बोकड बसला, तरी एक बाजू बरी होती. सगळं कोर्समध्ये शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. मग आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली.

"गाव कंचं म्हनायचं, पावणं?"

"निमगाव सावा."

"आन् बाईंचं म्हायेर?"

"ओतूर."

"ओतुरात मळा कुटं तुमचा?"

झालं. तिसऱ्याच प्रश्नाला सापडलं. माझी वैजयंती मावशी दरवर्षी ज्या मळ्यात कांदे काढायला जाते, तो बाईंच्या चुलत्यांचा निघाला. "मंग तुमी घरचीच की वो," आई म्हणाली, आणि तिथेच माझा व्यवसाय बसला.

आज निघताना सरांनी पाकीट काढलं. आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यांनी भर पंगतीत शिवी दिली. सरांनी पाकीट घाईने परत ठेवलं. घाईत भलत्याच खिशात.

नाणेघाटाजवळच्या या घाटघरात आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. वर पर्यटनाचा कोर्सही केला. पण कोर्समध्ये आईवर धडा नव्हता.

७ सप्टेंबर

बाबांनी आज स्पष्ट सांगितलं.

पठारावरचं आमचं वावर बेल्ह्याचे भगवंतराव भाड्याने मागतायत. पूर्वी बैलांचे व्यापारी, आता तंबूंचे. एकदा येऊन कड्यापर्यंत पावलांनी मोजून गेलेत. बांधावरच बोलले, घरी आले नाहीत. वावरात ओळीने तंबू, मधे मोठा स्पीकर, सोनकीच्या फुलांवर गाड्या.

मी बाबांना म्हटलं, आपल्या गावाचं पर्यटन आपल्या हातात राहिलं पाहिजे. पलीकडच्या वाडीचं काय झालं बघा. तंबूंचे दिवे लागले की साळुबाई काकूंचा कोंबडा आरवायला लागतो आणि पहाटे झोपतो. त्यांची जेवणं बाहेरून येतात, गावाला फक्त बाटल्या राहतात. मी बराच वेळ बोलले. 'शाश्वत' हा शब्दही वापरला.

बाबा म्हणाले, "वरई डुकरं खात्यात. तंबू डुकरं खात न्हाईत."

मी 'शाश्वत' पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

मग जरा नरमले. "हे बघ साधना. दिवाळीपत्तुर एका तरी पावण्याचा पैसा माझ्या हातावर आनून ठेव. मंग भगवंतरावाला न्हाई म्हनतो. न्हाईतर कागूद करनार."

एका तरी! अवघड काय आहे त्यात?

१२ सप्टेंबर

बोर्ड लावला. दर ठळक अक्षरांत. दुपारी आईने त्यावर गोधडी वाळत घातली.

१४ सप्टेंबर

गोधडी अजून वाळली नाही म्हणते.

१५ सप्टेंबर

आईला शांतपणे बसवून समजावलं. लोक फिरायला येतात, राहण्याजेवणाचे पैसे देतात, यात कुणाचा अपमान नाही. सगळ्या जगात असंच चालतं.

"जगात चालत आसंल," आई म्हणाली. "माज्या उंबऱ्याच्या आत आला, जेवला, की तो पावणा. पावण्याला हिशेब मांगायचा व्हय? उद्या मी मेले की म्हनतील, लंकाबाई भाकर इकायची."

शेवटी एक वचन मिळवलं. यापुढे पाहुण्यांना गाव विचारायचं नाही. माहेर नाही, मामा नाही, मळा नाही.

"न्हाई इचारत," म्हणाली. फार पटकन म्हणाली.

२१ सप्टेंबर

पुण्याहून मोटरसायकलवर चार मुलं आली होती. चौघंही कॉम्प्युटरवाले. आईने वचन पाळलं. गाव विचारलंच नाही.

"देव कंचा तुमचा?" असं विचारलं.

एकाचा जेजुरीचा खंडोबा. "आमचाबी!" आई म्हणाली. म्हणजे तो गेला. दुसऱ्याची तुळजापूरची भवानी – तिला आई मावशी मानते, तोही गेला. तिसरा हुशार होता, तो म्हणाला आमचा गणपती. पण गणपती कुणाचा नाही? तोही गेला.

चौथा नागपूरचा. म्हणाला, "काकू, मी देव मानत नाही." माझ्या जिवात जीव आला. एक तरी परका मिळाला!

 आईचे डोळे भरून आले. "लेकराला देवबी न्हाई," म्हणाली, आणि त्याला सगळ्यांपेक्षा एक भाकरी जास्त वाढली. त्याच्याकडून घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तोही रडला. मग मीही रडले, पण वेगळ्या कारणाने.

बाबा ओसरीवर बसून होते. "आला का पैसा?"

जातानाचे फोटो मात्र चांगले आले.

२८ सप्टेंबर

गोकुळदादाने आज कमाल केली. माझा हा भाऊ एरवी जीप चालवतो आणि माझी टिंगल करतो. आज जेवताना म्हणाला, "तुला बिननात्याची मानसं पायजेत ना? मंग मारवाडी आन. त्यांचा देव येगळा, गाव राजस्थानात, सोयरीक तिकडंच. आई कितीबी उकरू दे."

मी ताट तसंच ठेवून उठले आणि त्याला नमस्कार केला. त्याला वाटलं चेष्टा करतेय.

जुन्नरच्या पेठेतल्या कापड दुकानाचे सोहनलाल शेठ त्याच्या जीपचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या झमकूबाईंना नाणेघाट बघायचाय. इतकी वर्षं जुन्नरात काढली पण दुकान सोडून वर कधी आल्या नाहीत. पुढच्या पंधरवड्यात येतायत!

४ ऑक्टोबर

झमकूबाईंचा फोन आला. फार गोड बोलतात, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, जमिनीखालचं काहीच नको. जैनांचा चौमासा आहे म्हणून पालेभाजीही नको. आणि जेवण सूर्य मावळायच्या आत.

आईला सांगितलं. तिने रानातून खुडून आणलेल्या भाज्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"मंग ती जगत्यात कशी?"

दिवसभर हाच विचार. संध्याकाळी वरच्या वावरातून ओरडून सांगितलं – काळा घेवडा येलावर लागतो, भोपळाबी येलावर लागतो, नाचणी ताटाला लागती. "झालं की मंग! लई सोपं हाय."

१२ ऑक्टोबर

सगळं लिहायला हवं. क्रमाने लिहिते.

काल दुपारी शेठजी आणि झमकूबाई आले. आई पाणी घेऊन गेली. मी मुद्दाम जवळ उभी राहिले. गाव विचारलं – पाली जिल्हा. आईला पाली म्हणजे गणपतीची पाली वाटली, पण मी लगेच नकाशा दाखवला. देव विचारला – महावीर. आईला काही सुचेना. मामाचं गाव विचारलं. ते इतकं लांब निघालं, की आईने हात टेकले. मी आत जाऊन हळूच नाचले.

सूर्य मावळायच्या आत घेवड्याची आमटी, भोपळ्याची भाजी, नाचणीची भाकरी. झमकूबाई दोनदा म्हणाल्या, अशी आमटी घरी होत नाही. सकाळी गोकुळदादाने त्यांना घाट दाखवून आणला. कड्यावरच्या वाऱ्यात शेठजींची टोपी उडून कोकणात गेली. ते इतके हसले की खाली बसावं लागलं.

निघायच्या वेळी मी बिल पुढे केलं. छापील! शेठजींनी चष्मा लावला. आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली.

"शेट," म्हणाली, "तुमचं दुकान वडाच्या पाराम्होरलं न्हवं?"

मी बिल आणखी पुढे सरकवलं.

"तेच."

"आवो, माज्या लग्नाचा बस्ता तुमच्याकडं बांदला! हिरवं लुगडं, मोरपंखी काठ. माजा बाप भाव करून दमला. तवा तुमी वरनं एक खण दिला. म्हनले, पोरीला आमच्याकडनं, म्हायेरचा खण समज."

शेठजींना कणभरही आठवत नव्हतं. ते चेहऱ्यावरच दिसत होतं. पण दुकानदार माणूस! "आठवतंय की," म्हणाले. "मोरपंखी काठ."

"म्हंजे तुमी माजं म्हायेर झालं. म्हायेरच्या मानसाकडनं पैसं घिऊ व्हय?"

इथवर सगळं नेहमीप्रमाणे. पण शेठजी हटेनात. "बाई, दुसऱ्याचं फुकट खाल्लेलं आम्हाला पचत नाही." त्यांनी नोटा आईच्या हातात कोंबल्या, आईने त्यांच्या पिशवीत टाकल्या. त्यांनी फळीवर ठेवल्या, आईने झमकूबाईंच्या ओटीतल्या नारळाखाली दडवल्या. एक नोट उडून दावणीला गेली, ती वासराच्या तोंडातून काढावी लागली. ओली, पण चालण्यासारखी.

गोकुळदादा जीपचा हॉर्न वाजवत होता. शेवटी झमकूबाई वैतागल्या. "अहो, माहेर म्हणते ना ती तुम्हाला? मग ओवाळून घ्या आणि तबकात टाका. भावाची ओवाळणी तिला नाकारता यायची नाही."



खरंच आईला नाकारता येईना! तिने निरांजन आणलं. शेठजी पाटावर बसले. टोपी कोकणात, म्हणून डोक्यावर माझा नॅपकिन. आईने ओवाळलं, त्यांनी नोटा तबकात टाकल्या, ओली सगळ्यात खाली.

घेतले! आईने पाहुण्याचे पैसे घेतले. वावर वाचलं!

१३ ऑक्टोबर

वावर वाचलेलं नाही.

तबक तसंच्या तसं बाबांपुढे नेलं. बाबा दोन पावलं मागे सरकले.

"ही तर ववाळणी."

मी म्हटलं, पण पाहुण्यांचे पैसे आहेत.

"भावानं भैनीला घातलेलं. बाईच्या ववाळणीला दादल्यानं हात लावला तर गाव तोंडात शेण घालंल माज्या. ते तिचं. माज्या हातावर काय आलं न्हाई."

मी म्हटलं, बाबा, हा फक्त तांत्रिक मुद्दा आहे.

"तांत्रिक न्हाई, रीतीचा हाय."

आईने सगळं ऐकलं.  नोटा कुंकवाच्या करंड्याखाली ठेवल्या आणि म्हशीकडे गेली.

१४ ऑक्टोबर

मी पठारावर जाऊन बसले. सोनकी सुकत आलीय. भगवंतरावांच्या माणसांनी चुन्याने चौकोन आखून ठेवलेत. एकेका चौकोनात एकेक तंबू. मी एक चौकोन पायाने पुसला. पोरकटपणा. दुसराही पुसला.

१९ ऑक्टोबर

आज सकाळी बाबा दाढी करत होते. आई करंडा घेऊन आली आणि नोटा त्यांच्या आरशापुढे ठेवल्या.

"ह्ये काय?"

"भाडं. वरच्या वावराचं. एका सालाचं."

"तुजी ववाळणी हाय ती. मी हात लावनार न्हाई."

"ववाळणी माजी झाली का न्हाई?"

"झाली."

"मंग आता माजं पैसं. माज्या पैशानं मी पायजे ते घ्यावं. भगवंतरावाचं पैसं चालत्यात, माजं का चालत न्हाईत?"

बाबांच्या एका गालाला साबण तसाच. माझ्याकडे बघितलं. मी पदवीधर ना, काहीतरी सांगेन म्हणून. मी म्हटलं, कायद्याने बरोबर आहे. (आहे का? बघायला हवं.)

बाबांनी नोटा घेतल्या. त्या दिवशी ओल्या झालेल्या नोटेचा वास घेतला, वासराकडे पाहिलं, आणि दाढीचा दुसरा गाल करायचं विसरून कामाला गेले.

२६ ऑक्टोबर

भगवंतराव कागद घेऊन आले. बाबा म्हणाले, वावर भाड्यानं गेलं. "कुणाला?" बाबांनी चुलीकडे बोट केलं.

आई बाहेर आली. पाणी न विचारता.

भगवंतराव पटकन म्हणाले, "लंकाबाई, आमची आजी तुमच्या म्हायेरची, शेजारच्या आंबोलीची बरं का. म्हंजे आपन सोयरंच की."

"आसंल," आई म्हणाली. "तंबू न्हाई टाकायचं. तुमची गिऱ्हाइकं आमच्या वाडीत घरोघर निजतील, आमच्या चुलीवर जेवतील. त्यांच्याकडनं मी काय घेनार न्हाई, ती पावणी. तुमी धंद्याला आलाव. तुमच्याकडनं घेईन."

आणि तिने भाकरीचं फडकं स्वतःच्या हातावर पसरून हात पुढे केला. बेल्ह्याच्या बाजारात बैलाचा सौदा असाच होतो – कापडाखाली बोटं दाबायची, भाव तिसऱ्याला कळत नाही. भगवंतरावांनी बाबांकडे पाहिलं. बाबा कौलं मोजत होते. शेवटी त्यांनी फडक्याखाली हात घातला, आणि, "अवो बाई," एवढंच म्हणाले.

सौदा झाला. कितीला, ते आई सांगत नाही. जेवताना बाबांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आईने फडकं त्यांच्यापुढे सरकवलं. "घाला मंग हात."

बाबांनी भाकरी मागितली.