चुडामणसाठी पन्नास किलोमीटर

१० नोव्हेंबर, रविवार
निर्णय झाला. जानेवारीत तुकईथड ते बुऱ्हाणपूर पळायचं. पन्नास किलोमीटर! आमच्या कागद मिलचे सहा जण. लोक देणग्या देतील, त्यातून इथल्या धर्मादाय दवाखान्यात डायलिसिसचं मशीन येईल. मग आमच्या चुडामणला दर बुधवारी आणि रविवारी बसने जळगाव गाठायला नको. कल्पना आमच्यातल्या मनोजची, पण तिच्यात जीव ओतणार मी. पंचावन्नाव्या वर्षी माणूस काय करू शकतो ते दिसेल सगळ्यांना. उद्यापासून रोज पहाटे पाचला.

११ नोव्हेंबर
गजर वाजला नाही. बायकोचं, भारतीचं म्हणणं, वाजला आणि मीच बंद केला. असो. आधी शरीराला विश्रांती द्यावी असं एका व्हिडिओत आहे.

१७ नोव्हेंबर, रविवार
आज चुडामणला सोबत करायची पाळी माझी होती. मशीनवरून उठल्यावर त्याला चक्कर येते, म्हणून आम्ही मिलवाले आळीपाळीने जळगावला जातो. पण रविवार म्हणजे लाँग रन. मनोजला म्हटलं, पाळी बदल. सोबत काय, कोणीही करेल, पळणार कोण? शेवटी तोच गेला.
दोन किलोमीटर पळालो. उरलेलं अंतर मनातल्या मनात पूर्ण केलं. याला व्हिज्युअलायझेशन म्हणतात.

५ डिसेंबर, गुरुवार
चुडामणकडे जाऊन आलो. फार वाळलाय. इतकी वर्षं एका शिफ्टला काढली, एका डब्यात जेवलो. त्याने घरच्या वावरातली केळी पुढे ठेवली. त्याला स्वतःला बंद. केळ्यात पोटॅशियम, आणि किडनी गेलेल्याला ते विष. ज्याच्या बापाचा जन्म केळीच्या बागेत गेला, त्याला केळं बंद! मी चार खाल्ली. पळणाऱ्याला पोटॅशियम लागतंच, हे त्याला नीट समजावून सांगितलं. तो बघत होता. म्हणाला, खाय लेका योगी, तू खाल्लं म्हनजे म्याच खाल्लं. जरा वाईट वाटलं. पण शास्त्र ते शास्त्र.
निघताना म्हणाला, एखाद्या रविवारी येशीन का संगं? खिडकीची सीट तुले देतो. म्हटलं, रेस झाली की येतोच.

२९ डिसेंबर, रविवार
थंडी फार. लाँग रन पुढच्या रविवारी, डबल. नवे शूज आणले. घालून बसलं तरी वेग जाणवतो. भारती म्हणाली, नाहीतरी घरीच आहात, चुडामणभाऊंसोबत गेला असता. हिला ट्रेनिंगमधलं काही कळत नाही.

१२ जानेवारी, रविवार
सगळ्यांत लांब किती पळालात, असं मनोज एकेकाला विचारत होता. मी अठ्ठावीस सांगितलं. (आजवरची बेरीज.)

१८ जानेवारी, शनिवार
उद्या आम्ही सहाही जण रस्त्यावर. मग चुडामणला जळगावला नेणार कोण? हे आज संध्याकाळी लक्षात आलं! त्याची बायको, छायावहिनी म्हणाल्या, मी नेते. पण चुडामणच ऐकेना. म्हणे, एक रविवार चुकला तं काय होते? बुधवारी जाऊ. मले फिनिशला बसू द्या, योगी कसा पळत येते ते पाहू द्या. मनोज कां कू करत होता. मीच म्हटलं, बसू दे रे, आपल्यालाही हुरूप येईल.

१९ जानेवारी, रविवार, दुपारी
वाटेत डोईफोडिया गावातच गुडघा गेला. केळीच्या गाडीत बसून आलो. फिनिश बुऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाज्याशी, पण मी अलीकडेच उतरून गल्लीतून घर गाठलं. तिथे चुडामण खुर्ची टाकून बसला असणार. गाडीतून उतरणारा मी त्याला दिसलो असतो तर त्याचं मन मोडलं असतं. त्याच्यासाठीच फोन बंद ठेवलाय. उद्या सकाळी जाऊन नीट समजावतो.

२० जानेवारी, सोमवार
चुडामण पहाटे गेला.

२९ जानेवारी, बुधवार
आज दहावा. तापीवरून आल्यावर छायावहिनींजवळ बसलो. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो.
रेसच्या दिवशी सकाळपासून चुडामण एक केळं हातात घेऊन बसला होता. पळून आल्यावर योगीले लागते म्हणून. बाकीचे पाचही जण आले. मनोज म्हणाला, घरी चला. तर म्हणे, योगी हळू पळते, पन येते. दिवेलागणीला उठला. घरी आल्यावर म्हणाला, हे आता वाया कायले घालवा? आणि खाल्लं. किती दिवसांनी खाल्लं म्हणून खुशीत होता. डॉक्टर म्हणाले, एका केळ्याने एवढं होत नाही. पण रविवारचं मशीन चुकलं होतं, त्यात हे. हृदयाने दम धरला नाही.
 निघताना वहिनींनी पिशवीत केळी घालून दिली. म्हणाल्या, घेऊन जा भाऊजी, तुमाले पळाले लागतात ना.
हे सहन होत नाही. मला सहन होत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार
गजर लावला नव्हता, तरी पाचला जाग आली. आज सोबतीची पाळी माझी होती. बसस्टँडवर जाऊन उभा राहिलो. जळगावची बस लागली, भरली, सुटली. आज मी अगदी मोकळा होतो.