दावरानचा घास

नमनगान,
१२ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. सनोबर हिस आशीर्वाद, वि. वि.

मी सुखरूप पोचले. ओयशाला परवा मुलगी झाली. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, तेव्हा लेकीचे चाळीस दिवस भरेपर्यंत मलाच इथे राहावं लागणार. वीस नोव्हेंबरला दोघींना घेऊन रिश्तानला येईन. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या नातीचं तोंड बघायला आपल्याकडे जेवतील.

निघताना गडबडीत तुला सांगायचं राहिलं ते लिहिते. तुझ्या मामंजींना वर तीन आणि खाली चार दात आहेत. रोजचं रात्रीचं जेवण त्यांच्या दातांकडे बघून ठरवायचं, स्वतःच्या जिभेकडे बघून नाही. सोमवारी मूग-तांदळाची पातळ खिचडी. मंगळवारी शेवया, हाताने ओढलेल्या, विकतच्या नव्हेत. बुधवारी शोरबा, त्यात सुका नान कुस्करायचा. गुरुवारचा पुलाव ते स्वतः करतात, तू गाजरं चिरून दे आणि बाजूला हो. शुक्रवारी भोपळ्याचं सारण भरून मोदकासारखे वळलेले मंटू, वाफ नीट येऊ दे. शनिवारी कोबी, बटाटा, मटण थरांनी लावून मंद आचेवर ठेव. रविवारी उरलंसुरलं. सुका नान कोठीत खुंटीवरच्या पिशवीत आहे.

नान मात्र आपल्या तंदूरमध्येच भाजायचा. दुकानातला तो विटेसारखा पाव माझ्या उंबऱ्याच्या आत आलेला मला चालणार नाही. आंबवण झाकून ठेवलंय, पऱ्हाट्या रचून ठेवल्यात. माझा दावरान फौजेत गेला त्याला पाच महिने झाले आणि पाच महिने मी पीठ मळताना तू नुसती बघत उभी राहिलीस. आता माझा धीर संपला. तुझ्या भावाला पत्र लिहून माझ्या पेटीत ठेवलंय. विसाला तुझ्या हातचा नान गल्लीसमोर ठेवता आला नाही, तर ते टपालात जाईल. भाऊ येऊन तुला ताश्कंदला नेईल आणि दावरान सुटून येईपर्यंत, म्हणजे आणखी दीड वर्ष, तू तिथेच राहशील.

लोभ ठेवायचा की नाही ते विसाला बघू.
हसियत


रिश्तान,
१९ ऑक्टोबर

ती. सासूबाईंच्या सेवेशी सलाम, वि. वि.

आपलं पत्र पोचलं. नात झाल्याचा आनंद झाला. आनंद झाला हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचून आपल्याला तो वाटणार नाही.

मंगळवारी चार नान लावले, चारही राखेत पडले. शेजारच्या जुमागुलकाकू भिंतीवरून बघत होत्या. त्यांनी सांगितलं की तंदूर तापलाच नव्हता. शुक्रवारी एवढा तापवला की माझी डावी भुवई जळाली. दोन नान चिकटले ते इतके की सुटेचनात, कालथ्याने खरवडून काढले. मामंजींनी तुकडा हातात घेतला, खालीवर पाहिला आणि म्हणाले की त्यांच्या भट्टीत भांडी यापेक्षा मऊ निघतात. चाळीस वर्षं मातीची भांडी भाजलेला माणूस, त्यांना कळणारच.

आठवड्याचा तक्ता करून स्वयंपाकघरात चिकटवलाय. आपलं पत्र आल्यापासून एकही वार चुकलेला नाही. मंगळवारच्या शेवया कुठे जाड कुठे बारीक झाल्या, पण हाताच्याच होत्या. बुधवारी शोरब्यात नान कुस्करला तेव्हा मामंजींनी पुन्हा वाटी पुढे केली. मी या घरात आल्यापासून त्यांनी माझ्या हातचं काही दुसऱ्यांदा मागितलं ते हे पहिलंच.

ताश्कंदला मी जाणार नाही. दावरान या दारातून गेला, याच दारातून येईल आणि तेव्हा मी दारात असेन. त्याने मला तसं सांगितलंय, मीही कबूल केलंय. पत्र पेटीतच राहू द्या.

आपला लोभ नाही हे ठाऊक आहे, तरी रीत म्हणून मागते.
सनोबर


नमनगान,
२३ ऑक्टोबर

चि. सौ. सनोबर हिस आशीर्वाद, वि. वि.

आठ दिवसांत दोन घाणे वाया घालवलेस आणि वर पत्रात गंमत करतेस. भुवई उगवेल, वाया गेलेलं पीठ उगवत नाही. राखेतले नान फेकले नसशील अशी आशा आहे. राख झटकून कोंबड्यांना भिजवून घाल.

तंदूर आधी लाल, मग काळा, मग पांढरा दिसतो. पांढरा झाला की निखारे मधे ओढ, भिंतीवर मिठाच्या पाण्याचा हबका मार, मग नान लाव. लावताना हात मागे घेऊ नकोस. तू घाबरून हात मागे घेतेस, म्हणून पडतात. तुझ्याकडे न बघतासुद्धा मला हे कळतं.

मागच्या वेळी घाईत लिहिलं. कोठीत पिशव्या दोन आहेत. सुके तुकडे दारामागच्या पिशवीत. तांदळाच्या पेटीच्या वर खुंटीला जी निळी पिशवी आहे तिला बोटसुद्धा लावू नकोस, त्यात दावरानचा नान आहे. फौजेत जाताना त्याने एक घास खाल्ला, उरलेला तो आल्यावर खाईल. तोवर तो नान या घरात राहिला पाहिजे. इतकं तुमच्या ताश्कंदातही पाळत असतील. माझ्या खोलीला कुलूप लावलं म्हणून येताना तिथून काढून कोठीत टांगला. मांजर कोठीत झोपते, उंदरांची भीती नाही. मामंजींना माहीत आहे.

तुझ्या शेवया ठाऊक आहेत मला. मामंजींनी खाल्ल्या म्हणजे त्यांनी चावल्या नसतील, गिळल्या असतील.

लोभाचं तुला कसं कळणार.
हसियत


रिश्तान,
२८ ऑक्टोबर

ती. सासूबाईंस सलाम, वि. वि.

पत्र मिळालं. निळी पिशवी जिथे होती तिथेच आहे.

काल सहा नान लावले, तीन पडले, तीन राहिले. राहिलेले खालून काळे झाले पण आतून भाजले होते. मामंजींनी एक चहात बुडवून खाल्ला. आता हात मागे घेत नाही. त्याऐवजी कोपरापर्यंत भाजतो.

मंटूंना वाफ नीट आली. जास्त लिहायला काही नाही.

लोभ असू दे एवढंच.
सनोबर


नमनगान,
२ नोव्हेंबर

चि. सौ. सनोबर हिस आशीर्वाद, वि. वि.

एवढंसं पत्र तू मला पहिल्यांदाच लिहिलंस. एरवी उलट बोलायला तुला चार पानं पुरत नाहीत. काय केलंयस ते सरळ लिही. जुमागुलची बहीण इथे बाजारात भेटली. ती म्हणाली की सून दिवसभर कोठीत जाते आणि डोळे लाल करून बाहेर येते. कोठीत तुझं काय ठेवलंय?

दुसरं म्हणजे दावरानचं पत्र नाही. दर पंधरवड्याला लिहिणारा पोरगा, आज पाच आठवडे झाले. इथे मला घास उतरत नाही. ओयशापाशी काही बोलता येत नाही, बाळंतीण आहे. आज पत्र मिळताच निळी पिशवी काढ, मामंजींच्या समोर उघड आणि नान नीट बघ. चीर गेली असेल, बुरशी आली असेल, तर तसं कळव. खोटं लिहिलंस तर विसाला मी स्वतः पिशवी उघडणारच आहे.

आधी उत्तर दे, लोभाचं नंतर.
हसियत


रिश्तान,
६ नोव्हेंबर

ती. सासूबाईंस सलाम, वि. वि.

पिशवी रिकामी आहे.

आपण पहिल्या पत्रात लिहिलंत की सुका नान कोठीत खुंटीवरच्या पिशवीत आहे. मी गेले, समोर निळी पिशवी दिसली, ती काढली. दारामागे दुसरी आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि दावरानचा नान आपल्या कुलपाआड आहे असंच मी समजत होते. आत एकच नान होता, एका कडेला उंदराने कुरतडल्यासारखा. ती कड कापून चिमण्यांना घातली. बाकीचा सोळा तारखेला, बुधवारी, शोरब्यात कुस्करला. मामंजींनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाटी पुढे ओढली. दोन वाट्या त्यांनी खाल्ल्या, एक वाटी मी.

आपलं दुसरं पत्र आलं तेव्हा मी कोठीत जाऊन पिशवी उलटी करून झटकली. चार कण पडले ते वेचून रुमालात बांधून ठेवलेत. सत्तावीस तारखेला जे तीन नान साधले, त्यातल्या एकाचा घास घेऊन तो पिशवीत घालणार होते. तोंडाशी नेला आणि हिंमत झाली नाही. त्याच्या जागी मी कशी चावू?

त्या बुधवारपासूनचे दिवस मी मोजतेय. त्याची पत्रं त्याआधीच थांबली होती हे डोक्याला कळतं, पण बाकी कशाला कळत नाही. माझ्या नवऱ्याचा परतीचा नान मी स्वतःच्या हाताने शिजवून खाल्ला. आपण भावाला पत्र टाका. मी आता अडवणार नाही. पण चुकीची पिशवी आपण सांगितलीत, तेही भावाला लिहा. सगळं एकटीच्या माथी मारू नका.

लोभ मागायला तोंड नाही.
सनोबर


नमनगान,
११ नोव्हेंबर

चि. सौ. सनोबर हिस, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी तीन दिवस जेवले नाही. ओयशाला वाटलं मला ताप आला. तुझ्या भावाला नवीन पत्र लिहिलं, आधीच्यापेक्षा लांब. मग दोन्ही चुलीत घातली. खूश होऊ नकोस. तू ताश्कंदला गेलीस तर ही गोष्ट तुझ्याबरोबर ताश्कंदभर होईल. इथे राहिलीस तर घरातच राहील.

आता मी जे लिहितेय ते वाचून हा कागद जाळ. तू खाल्लास तो दावरानचा नान नव्हता. त्याने चावलेला जूनमध्येच उंदरांनी संपवला. सकाळी उठून बघते तर भिंतीला नुसती दोरी. तू तेव्हा माहेरी गेली होतीस. मी त्याच दिवशी पीठ मळलं, तसाच नान भाजला, कलौंजीही तेवढीच लावली आणि घास मी घेतला. तेव्हापासून तो पिशवीत ठेवला, कोणी नीट बघू नये म्हणून. उंदराने खाल्ला म्हणून मी दुसरा केला, आणि तू माझ्या दातांना उंदीर ठरवलंस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मामंजींनी मला तेव्हाच पकडलं होतं. माझा वरचा एक दात अर्धा तुटलाय, घासावर त्याची खूण उमटते. छत्तीस वर्षं ते माझ्यासमोर जेवतायत, त्यांना ती ओळखता येते. म्हणूनच त्यांनी तुला थांबवलं नाही. त्यांनी बायकोचा उष्टा नान खाल्ला आणि मजेत दुसऱ्यांदा मागितला. त्यांच्याशी मी विसाला बोलेन.

तेव्हा तुझ्या खाण्याने माझ्या पोराचं काही बिघडलेलं नाही. बिघडायचंच तर माझ्या चावण्याने जूनमध्ये बिघडलं असतं, आणि त्यानंतर त्याची सात पत्रं आली. रडणं बंद कर. नान भाज, चांगला गोल, मधे टोचणीची नक्षी नीट उठू दे. घास तू घे. या घरात पुरते दात तुझेच आहेत.

एक मात्र मनात राहिलं ते सांगते. तुझ्यासमोर त्याने नान चावला. तू बाजूला उभी होतीस. कोठीत तू तो हातात धरलास, कड कापलीस आणि तुला उंदीर आठवला. नवऱ्याचा घास बायकोला ओळखता येऊ नये, असली बायको मी माझ्या पोराला करून दिली.

विसाला भेटूच. लोभाला अजून वेळ आहे.
हसियत


रिश्तान,
१६ नोव्हेंबर

ती. सासूबाईंस सलाम, वि. वि.

कागद जाळला. मामंजींना विचारलं, तर म्हणाले की शोरबा खरंच चांगला झाला होता.

काल दावरानचं पत्र आलं. महिनाभर त्यांना बटाटे काढायला कुठेतरी नेलं होतं, तिथे टपाल नव्हतं. तब्येत बरी आहे. पाच ओळी आहेत. चार आपल्यासाठी, एक माझ्यासाठी. मूळ पत्र मामंजींनी खिशात ठेवलंय, ते विसाला आपल्या हातात देतील.

आज आठ नान लावले. आठही चिकटले, आठही सुटले. भुवई आली, आता दुसरी जळाली. सात गल्लीसाठी नमुन्याला ठेवलेत. आठव्याचा घास मी घेतला आणि नान बाहेरच्या खोलीत भिंतीवर टांगला, पिशवीत नाही. उंदीर आले तर त्यांना माझ्या अंथरुणावरून जावं लागेल. आल्यावर आपण तो जरूर बघा. घास लहान का घेतला म्हणून विचाराल, तर उत्तर आत्ताच लिहून ठेवते.

त्या सकाळी त्याला भूक नव्हती. आपण आत चहा आणायला गेला होतात. त्याने कलौंजीच्या कडेला एवढासा, दोन बोटांएवढा तुकडा दातांनी तोडला. तो त्याला गिळवेना. गालात तसाच धरून ट्रकमध्ये चढला आणि वळणापर्यंत माझ्याकडे बघत चावत राहिला. कोठीतल्या नानाचा घास तळहाताएवढा होता. तो त्याचा असता तर अंधारातसुद्धा माझ्या हाताला कळला असता. त्याचा नव्हता, म्हणूनच मला उंदीर वाटला.

विसाला पुलावाची गाजरं चिरून ठेवते. लोभ आणलात तर नानाबरोबर वाढेन, नाही आणलात तर नुसता नान आहेच.
सनोबर