बापांनीही शपथ घ्यायची

१४ जून, शनिवार
ऑकलंडबाहेर, पापाकुराच्या पलीकडे एका फार्मवर क्लबची क्रॉस-कंट्री शर्यत. घोट्यापर्यंत चिखल, मेंढ्या कुंपणाकडे हाकललेल्या. मला नेहमीची पालक-ड्यूटी. पिवळं जाकीट, तिसऱ्या वळणावरचं लाल निशाण, हातात कार्ड. निशाणाच्या आतून कोणी गेलं की नंबर लिहायचा, म्हणजे तो बाद, एवढंच काम.
आमची ईरा सहावी आली. ऑकलंडच्या टीममध्ये सहाच घेतात. तिची मैत्रीण तालिया सातवी, हातभर मागे. तालियाच्या आईने मला मिठी मारून अभिनंदन केलं.
दुसऱ्या फेरीत ईरा निशाणाच्या आतून गेली. तीन पावलं, फार तर चार. मी कार्ड कोरं दिलं. खाली सही करून.

१५ जून, रविवार
ईराला यंदा शाळेत क्लासिकल स्टडीज, म्हणजे प्राचीन ग्रीस-रोम. ऑलिंपियावर प्रेझेंटेशन आहे, श्रोता मी. मला वाटायचं मुख्य खेळ, तोंडी लावायला थोडी पूजा. उलटंच निघालं. उत्सव झ्यूसचा, शर्यती त्या पूजेचा भाग. मधल्या दिवशी शंभर बैलांचा बळी. आणि वेदी दगडाची नाहीच, राखेची. बळी दिलेल्या जनावरांच्या मांड्यांची राख नदीच्या पाण्यात कालवून थर चढवत न्यायचे, वर्षानुवर्षं. दोन मजली घराएवढी उंच झाली होती. मी अठरा वर्षं बिल्डिंगांचे पाये डिझाइन करतोय, आणि नुसता ऐकत बसलो.
एक जुना लेखक सांगतो, पहिल्यापहिल्यांदा धावायचे ते वेदीकडेच. जो आधी पोचेल त्याने अग्नी पेटवायचा. म्हणजे पळणं हेच एक प्रकारचं... शब्द सापडत नाही. अंगावर काटा आला, हे खरं.
मेधा बायकोच्या हक्काने म्हणाली, "घरच्या गणपतीला कधी नीट हात जोडले नाहीस. आणि ग्रीकांच्या देवासाठी डोळे भरून येतायत."

१७ जून, मंगळवार
आज शपथेचा भाग. स्पर्धेआधी सगळे झ्यूसच्या एका मूर्तीसमोर उभे राहायचे. दोन्ही हातांत वज्र. लबाडांना धडकी भरावी म्हणूनच तशी घडवलेली. रानडुकराच्या मांसाच्या तुकड्यांवर शपथ: दहा महिने नियमाने सराव केला, लबाडी करणार नाही.
ईराने वाचलं, "खेळाडू, त्यांचे वडील, भाऊ, ट्रेनर..."
मी विचारलं, "वडील कशाला?"
"त्यांनीही शपथ घ्यायची, बाबा." आणि पान उलटलं. माझ्याकडे पाहिलं नाही.
चहा गार झाला. किती विचार केला असेल त्या माणसांनी. पळणाऱ्याचे पाय ओळखायचेच, पण बघणाऱ्या बापालाही ओळखून होते.

१९ जून, गुरुवार
लबाडी करणाऱ्यांच्या दंडातून झ्यूसचे ब्राँझचे पुतळे उभारायचे, स्टेडियमच्या वाटेवर ओळीने. धावायला जाताना त्यांच्या समोरूनच जायचं. ऑफिसात दिवसभर ती ओळ डोळ्यांपुढे. क्लबच्या कॅप्टनला तीनदा ईमेल लिहिली, तीनदा खोडली. मुलीचं नाव मी कसं...

२० जून, शुक्रवार
मातारिकीची सुट्टी, कृत्तिका उगवल्या की येणारं माओरी नववर्ष. पहाटे तिघं टेकडीवर गेलो. बोटाचं टोक जाणवेना इतकी थंडी. गेल्या वर्षी गेलेल्यांची नावं घेतली. मग शिजलेल्या अन्नावरचं झाकण काढलं, वाफ ताऱ्यांसाठी. वाफ सरळ वर गेली. ऑलिंपियाचा धूरही असाच गेला असेल, आणि खाली माणसं अशीच मान वर करून गप्प. कुठल्या देवळात मी इतका भारावलो नव्हतो.
येताना मेधा मागच्या सीटवर झोपली. मी म्हटलं, "तिसऱ्या वळणावर..."
"आय नो, बाबा."
बॉटनी उपनगराच्या सिग्नलला ती म्हणाली, "पाय घसरला, आत गेले. मग तुझ्याकडे पाहिलं. यू वर लुकिंग ॲट द शीप."
मेंढ्यांकडे बघत होतो खरा. मुद्दाम. लाज वाटली, इतकी की गाडी पुढे घ्यायची विसरलो. मागच्याने हॉर्न दिला.
"मी पण काही बोलले नाही," ती म्हणाली. हे मराठीत.

२१ जून, शनिवार
कॅप्टनला ईमेल गेली, ईरानेच लिहिली. माझं नाव आधी घाल म्हटलं, कार्ड माझं होतं. ऐकलं नाही. आधी तिचं, मग माझं. ऑलिंपियाच्या शपथेतही हाच क्रम होता म्हणाली.
मेधाला सगळं सांगितलं. ती ईराजवळ जाऊन बसली. माझ्याशी दुपारपर्यंत बोलली नाही.

२२ जून, रविवार
क्लबचं उत्तर नाही. टीममध्ये राहील की नाही, माझी ड्यूटी राहील की नाही, काहीच कळत नाही.
सकाळी तालियाच्या आईचा मेसेज: मंगळवारी ईराला सरावाला मी सोडू का? तिला अजून काही माहीत नाही. ईराला दाखवला.
"फोनवर नको," म्हणाली. "घरी जाऊन सांगू या."
ती दारात बूट घालतेय. चिखल अजून तसाच आहे त्यांवर. मी पायातल्या जँडल्स-चपला काढून माझे बूट शोधतोय.