पाखराचं नाव सांगणार नाही

तुरैफ, सौदी अरेबिया
२ फेब्रुवारी २०२५

ती. दीनानाथ मास्तर आणि सौ. सरोज यांस,
दाभोळच्या शेजारणीचा थंडीने कुडकुडत सलाम, वि. वि.

मी सांगतेय, सून मेहेक लिहितेय. त्यामुळे सुनेबद्दल वाईट सांगायची फार पंचाईत. चहात साखर कमी घालते एवढं तरी लिही म्हटलं, तर लिहिलंन बघा.

फोनवर डोळ्याचा विषय काढला की तुम्ही फोन सरोजच्या हाती देता. पत्र असं टाळता येत नाही. मेहेक याचा फोटो सरोजच्या मोबाइलवर पाठवील, सरोज वाचील आणि तुम्ही मुकाट ऐकाल.

माझ्या हम्मादने, लेकाने, मला वाळवंट दाखवतो म्हणून आणलं आणि बर्फाच्या पेटीत ठेवलं. इथून जॉर्डनची हद्द जवळ. पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. दोन स्वेटर आणि लेकाची कानटोपी घालून मी खिडकीशी बसते. काल भिंतीवर शेपूट हलवणारा धोबी पक्षी आला, अगदी तुमच्या अंगणातला. तारेवर भिंगऱ्याही दिसल्या. शेजारीण उम्म नाएफ म्हणते, पाखरं उत्तरेला निघाली, थंडी खलास. माझ्या गुडघ्यांना हे अजून कुणी कळवलेलं नाही.

आता मुद्द्याचं. तुमचा डावा डोळा लहानपणीच विटीने नेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू. चिपळूणचा डॉक्टर काढा म्हणतो, आणि तुम्ही दिवाळीपासून ‘बघू’ म्हणताय. कशाने बघणार? एके काळी मला अक्षरं शिकवायला बसला होतात. मी म्हटलं होतं, ही तर तारेला लटकलेली वटवाघळं, मला नकोत. आता तुम्हीही सांगता आणि दुसरं कुणी लिहितं. मला सोबत मिळाली, पण मास्तर, अंगठेबहाद्दर होणं तुम्हाला शोभत नाही.

लोभ आहेच, त्याची काळजी नको. डोळ्याची करा.
नूरुन्निसा

दाभोळ, ६ फेब्रुवारी

नूरुन्निसाबाईंस दीनानाथचा नमस्कार, वि. वि.

‘अंगठेबहाद्दर’पाशी सरोज अशी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. तीच हे लिहिते आहे.

तुमचा धोबी माझा नव्हे. आपल्याकडचे हिवाळा संपला की हिमालयापलीकडे जातात, तुमच्याकडचे दुसऱ्या वाटेने. दर वर्षी अंगणातला शेवटचा धोबी कधी गेला, ते मी पाहून ठेवतो. यंदा नुसता आवाज ऐकतो.

डोळ्याचं म्हणाल, तर दुसरा शाबूत असता तर उद्या गेलो असतो. या एकात अजून उजेड येतो. दारात माणूस उभं आहे एवढं कळतं. तेही गेलं तर? हे थट्टेवारी नेऊ नका. खिडकीत काय येतं ते मात्र कळवत जा. रंग नीट सांगा.

माझ्यावरचा राग लोभातच धरावा.
दीनानाथ

तुरैफ, १३ फेब्रुवारी

मास्तर, सलाम, वि. वि.

थट्टा नाही करत. एक परिच्छेदभर तरी. ज्याची एकच होडी, त्याला दर्याची भीती जास्त. दर्यावर्द्याची बायको होते मी, मला कळतं ते. पण होडी किनाऱ्यावर ठेवून दिली की उन्हाने फळ्या फाटतातच. ती काही दर्या नेत नाही, आपणच घालवतो.

झाला परिच्छेद. आज खिडकीच्या कठड्यावर एक पाहुणा आला. नात अरवाने आतून फोटो काढला, तो पाठवलाय. रंग, चोच, डोकं, मी काही म्हणता काही सांगणार नाही. मेहेकला शपथ घातली आहे. सरोज, तू बोललीस तर खजूर विसर. ज्याला बघायचा त्याने डोळा करून घ्यावा आणि बघावा.

लोभ आहे, म्हणून तर हा छळ.
नूरुन्निसा

दाभोळ, १८ फेब्रुवारी

नूरुन्निसाबाई, नमस्कार, वि. वि.

हा शुद्ध अन्याय आहे. सरोज म्हणते, पक्षी आहे. चोच आहे. पाय दोन. इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढं कमी कधी बोललेली नाही. गरुड का, तर नाही. चंडोल का, तर हसते. शेजारच्या सत्यजितला विचारावं, तर तोही फितूर.

आज सकाळी अंगणात धोबी ओरडला. एक होता की चार, कळलं नाही. तुमची होडी डोक्यातून जात नाही. येत्या सोमवारी चिपळूणला जातो आहे. भीती आहे, ती बरोबर घेऊन जातो. उजेड राहिला तर मीच लिहीन. नाही राहिला, तर त्या पाखराचं नाव मला सांगून टाका, एवढे उपकार करा.

दुवा असावी.
दीनानाथ

दाभोळ, २७ फेब्रुवारी

नूरुन्निसाबाई, नमस्कार.

चार ओळींचीच परवानगी आहे. हुदहुद! माझ्याच परसात दर हिवाळ्यात माती उकरणारा हुदहुद! यासाठी मला ऑपरेशनच्या टेबलावर चढवलंत? आणि त्याच्या मागे काचेत कानटोपी घातलेली कोण म्हातारी हसते आहे? मी नीट पाहिलं होतं तेव्हा शेजारणीचे केस काळे होते.

अंगणात अजून दोन धोबी आहेत. मोजले.
दीनानाथ, स्वहस्ते

तुरैफ, २ मार्च

मास्तर, सलाम, वि. वि.

रोजे सुरू झाले, तोंड कोरडं आहे, म्हणून थोडक्यात सुटलात.

पत्र वाचायच्या आधीच मी ओळखलं. सरोजच्या ओळी डोंगर चढतात, या सरळ होत्या. वाचताना मेहेक दोनदा उठून तोंड धुऊन आली. हे लिहायला ती तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

म्हातारी म्हणालात, ऐकलं. आता त्याच डोळ्याने आरसाही बघा. पाखरू साधं होतं, कबूल. म्हणूनच तर तोंड शिवून बसले. डोक्यावर तुरा आहे एवढं जरी बोलले असते, तरी तुम्ही खाटेवर पडल्या पडल्या ओळखलं असतंत. आणि हुदहुदाला साधा म्हणू नका. सुलैमान पैगंबरांचं पत्र राणीकडे त्यानेच पोचवलं. त्याला तरी कुठे वाचता येत होतं?

तो पुन्हा आला नाही, गेला उत्तरेला. मी एक स्वेटर उतरवलाय. ईद झाली की येते. सरोजला म्हणावं, खजूर कमावलेस.

अंगठेबहाद्दरांत मी परत एकटी पडले, एवढीच तक्रार. पण तुमचं पत्र बराच वेळ समोर धरून बसले होते, आणि यंदा ती वटवाघळं वाटली नाहीत. तारेवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या दिसल्या. मेहेक म्हणते, अम्मी, तुम्ही मोबाइल उलटा धरला होतात.

असेल. लोभ सुलटाच आहे.
नूरुन्निसा